सिक्युरिटीत एम.टेक. करू, की जावातच राहू?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, मूळची कराडची. संगणक अभियांत्रिकीत बी.ई. करून जुलै २०२१ पासून हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत आहे. एका बँकेचं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं अ‍ॅप्लिकेशन आमच्याकडे आहे. थोडं डेव्हलपमेंट, बरंचसं प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सिस्टिमच्या अडचणी निस्तरणं, आणि आठवड्याआड रात्रपाळी. जॉइन होऊन सहा महिने होतात न होतात तोच डिसेंबरात लॉग-फोर-जेचं, म्हणजे जावाच्या त्या लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भोक सापडल्याचं प्रकरण झालं. दुरुस्तीची २.१५ आवृत्ती टाकून घरी यावं तर २.१६, ती टाकावी तर २.१७. सगळे वैतागले होते, मला मात्र तेव्हाच सायबर सिक्युरिटीची ओढ लागली. आता एका खासगी विद्यापीठात सायबर सिक्युरिटीच्या पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळतोय. फी आणि हॉस्टेल धरून नऊ लाख. हातात महिना ५८ हजार येतात, बचत अडीच लाख. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, एफडी मोडतो म्हणतात, पण मला कर्जच काढायचंय. टीम लीड म्हणतात, "सिक्युरिटीचा शिक्का बसला की डेव्हलपमेंटला परत कोणी घेणार नाही." जर्मनीतला मावसभाऊ म्हणतो, मास्टर्सशिवाय पुढे काही नाही. एआयचं बघता एकाच विषयात अडकायची भीतीही वाटते. एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा गेट यंदा अभ्यास न करताच दिली, जेमतेम पात्र ठरले. घरी स्थळं बघताहेत, तेही दोन वर्षं लांबेल. सीट पक्की करायला महिनाअखेर पन्नास हजार भरायचेत. भरू का? आणि तोवर सीईएच, म्हणजे एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट, करून ठेवू का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— हिंजवडीची एक वाचक

उत्तर : पन्नास हजार भरू नकोस. आधी हे सांगून टाकते, म्हणजे महिनाअखेरची धाकधूक संपेल. का भरू नकोस, ते आता सावकाश बोलू.

पत्रात सगळ्यात जास्त धसका लीडच्या त्या शिक्क्याचा दिसतो, म्हणून तिथूनच सुरू करते. मी बरीच वर्षं मुलाखती घेण्याच्या बाजूला बसले आहे. उमेदवाराची पदवी रेझ्युमेत तळाशी असते आणि आम्ही ती ओझरती बघतो. प्रश्न सगळे शेवटच्या दोन प्रोजेक्टवर निघतात. काय केलंस, का केलंस, दुसरा कुठला मार्ग होता, तो का नाही घेतलास. सिक्युरिटीत एम.टेक. केलेली मुलगी स्प्रिंग बूट ही जावाची चौकट आणि डेटाबेस यांबद्दल नीट बोलली, तर तिला डेव्हलपमेंटला घेताना पदवी आडवी आल्याचं मला तरी आठवत नाही. उलट चार-पाच वर्षं नुसता सपोर्ट केलेल्यांच्या बाबतीत पॅनेलवर कुजबुज होते : "कोडिंग कितपत केलंय हो यांनी?" तेव्हा शिक्क्याचीच भीती असेल तर तो आत्ता, तू आहेस तिथेच बसतोय. लीडना ते दिसत नसेल असं नाही. पण रात्रपाळीला येणारी, चार वर्षांत सगळं अ‍ॅप्लिकेशन पाठ झालेली मुलगी गेली तर त्यांची किती पंचाईत होईल, याचाही विचार कर. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. सल्ला मात्र निम्मा त्याच्या सोयीचा आहे.

करिअर लवचीक राहावं असं तुला वाटतं, ते योग्यच आहे. पण ही लवचीकता खरोखर जाते कशानं, तर महिन्याच्या हप्त्यानं. नऊ लाखांचं शैक्षणिक कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता पंधरा हजारांच्या थोडा वर जातो. शिकत असतानाच्या काळात साठलेलं व्याज वेगळं. शिवाय दोन वर्षं पगार नाही, म्हणजे हातात येणारे चौदा लाख गेले. राहण्या-जेवणाचा खर्च तसाही झालाच असता, तो वजा केला तरी ही पदवी तुला वीस लाखांच्या आसपास पडते. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते असं कोणीतरी सांगेल. मिळते, पण जुन्या कररचनेत राहिलीस तर, आणि फक्त व्याजावर. आता कल्पना कर, पास होऊन बाहेर पडलीस, वय २८, डोक्यावर हप्ता. समोर दोन नोकऱ्या आहेत : एक कमी पगाराची पण शिकवणारी, दुसरी जास्त पगाराची आणि कंटाळवाणी. कुठली घेशील? दुसरीच, घ्यावीच लागेल. 'सिक्युरिटीतून परत डेव्हलपमेंटला जाता येईल का' हा प्रश्न त्या दिवशी तुला सुचणारसुद्धा नाही. एफडीबद्दल इतकंच, की निवृत्त माणसाच्या एफडीला हात लावायचा नाही, हे तुझं तुलाच उमगलंय. ते तसंच राहू दे.

मग स्पेशलायझेशनची पदवी कधीच करू नये का? करावी की. जे काम करायचंय ते या पदवीवाचून कोणी करू देतं का, एवढं आधी बघायचं. चिप डिझाइनचं उदाहरण घे. तिकडे, म्हणजे व्हीएलएसआयमध्ये, जायचं असेल तर एम.टेक.ला खरंच वजन आहे. त्या डिझाइनची सॉफ्टवेअरं इतकी महाग असतात की घरी बसून शिकायची सोय नाही, आणि कॉलेजच्या लॅबशिवाय त्यांना सहसा हात लागत नाही. क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याच्या शास्त्रात, संशोधन करायचं असेल तर पदवी हवीच, नंतर पीएच.डी.ही. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमानं एम.टेक. लागतंच. या तिन्हींपैकी काही तुझ्या मनात असतं तर आजचं उत्तर वेगळं दिलं असतं. तुझ्या पत्रात त्यातलं एकही नाही. तुला सिक्युरिटीत काम करायचंय, आणि त्या दाराला पदवीचं कुलूप नाही. आत आधीपासून असलेले कितीतरी जण नेटवर्क, सिस्टिम अ‍ॅडमिन, टेस्टिंग आणि तुझ्यासारखेच डेव्हलपमेंटमधून गेलेत.

सीआयएसएसपी नावाचं सर्टिफिकेट ऐकलं असशील. या क्षेत्रात वरच्या जागांना ते मागतात. त्यासाठी आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. कॉम्प्युटरची पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. एकच. आणि त्या एका वर्षाला तुझी बी.ई. पुरते. दोन वर्षं आणि वीस लाख घालवून आणलेल्या एम.टेक.ला त्या तराजूत जास्तीचं काहीच वजन नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्रवेशाच्या काउन्सेलिंगला कोणी सांगत नाही. सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करून बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिली नोकरी बहुतेक वेळा सॉकमध्ये लागते, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये. स्क्रीनवर अलर्ट येत राहतात. एल-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीवरचा माणूस ते उघडतो, खरे की खोटे ठरवतो, तिकीट काढून एल-टूकडे ढकलतो. काम चोवीस तास चालतं, म्हणजे तीन पाळ्या आल्या आणि त्यात रात्रपाळी आलीच. ज्या आयुष्यातून बाहेर पडायला तू नऊ लाखांचं कर्ज काढतेयस, तेच आयुष्य दुसऱ्या आयडी-कार्डावर परत मिळायची बरीच शक्यता आहे. हे काम कमी प्रतीचं आहे असं नाही, त्यातून उत्तम माणसं घडतात. पण साडेचार वर्षं जावा केलेल्या मुलीनं तिथे शून्यापासून रांगेत उभं राहायचं कारण मला दिसत नाही.

तुझी जागा अ‍ॅप्लिकेशन सिक्युरिटीत, म्हणजे अ‍ॅपसेकमध्ये आहे, आणि ते काम रोज तुझ्या इनबॉक्सात येऊन पडतंय. बँकेचं अ‍ॅप्लिकेशन आहे म्हणजे व्हॅप्टचा, म्हणजे मुद्दाम फोडून भोकं शोधणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येत असणारच. त्याचं पुढे काय होतं, तेही मला ठाऊक आहे. समज, रिपोर्टात लिहिलंय, 'हाय : लिंकमधला खाते क्रमांक बदलला की दुसऱ्या ग्राहकाचं स्टेटमेंट दिसतं.' लीड म्हणतात, ऑब्झर्व्हेशन शुक्रवारपर्यंत क्लोज करा. मग कोणीतरी तो क्रमांक पडद्यावरून लपवतो किंवा एन्कोड करून टाकतो, आणि शेरा लिहितो, 'फिक्स्ड'. पुढच्या वेळी टेस्टर दोन मिनिटांत ते पुन्हा फोडतो. सर्व्हरवर 'हे खातं या लॉगिनचं आहे का' ही तपासणी घालायची, तीही एका एपीआयवर, म्हणजे माहिती देणाऱ्या एका दुव्यावर, नव्हे तर अशा सगळ्या एपीआयवर एकाच जागेहून, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आलं तरी बदल कुठे करायचा ते कळायला कोड वाचता यावा लागतो. इथे तुझी साडेचार वर्षं कामाला येतात. सिक्युरिटी टीममधल्या पुष्कळांना भोक सापडतं, पण ते बुजवायचं कसं हे सांगता येत नाही, कारण त्यांनी मोठं जावा अ‍ॅप्लिकेशन कधी सांभाळलेलं नसतं. तुला ते येतं.

म्हणून पुढच्या व्हॅप्ट रिपोर्टाची जबाबदारी मागून घे. आनंदानं देतील, कारण ती कोणालाच नको असते. प्रत्येक ऑब्झर्व्हेशनचं मूळ कारण लिही, दुरुस्ती स्वतः कर, टेस्टरबरोबर कॉलवर बस. दोन-तीन रिपोर्ट झाले की बँकेकडच्या सिक्युरिटीच्या माणसांना तुझं नाव माहीत होईल. मग कंपनीतल्या आयजेपीवर, म्हणजे अंतर्गत भरतीत, अ‍ॅपसेकची जागा निघाली की अर्ज करायला तुझ्याकडे दाखवण्याजोगं काहीतरी असेल. मॅनेजर लगेच सोडणार नाही, 'पुढच्या क्वार्टरला बघू' म्हणेल. दोन क्वार्टर बघ आणि मग बाहेर शोधायला लाग. तीन महिन्यांचा नोटिस पीरियड धरूनच हिशेब कर.

पण त्याआधी एक चाचणी घे, फुकटची. पोर्टस्विगर या कंपनीच्या वेब सिक्युरिटी अ‍ॅकॅडमीवर लॅब आहेत, त्यांना पैसे लागत नाहीत. अ‍ॅक्सेस कंट्रोलपासून, म्हणजे कोणाला काय बघता येतं त्या तपासणीपासून, सुरू कर. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या दोषांच्या यादीत त्यातलाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. दोन-तीन महिने शनिवार-रविवार त्यात घाल. एखादी लॅब चार तास सुटली नाही आणि तरी जेवताना डोक्यात तीच घोळत राहिली, तर ओढ खरी आहे. आणि दुसऱ्याच रविवारी 'आज नको, पुढच्या आठवड्यात' झालं, तर लॉग-फोर-जेच्या त्या रात्रीचा थरार आवडला होता, विषय नव्हे. तसं निघालं तरी बिघडलं काही नाही. वीस लाख वाचले. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून बघ : २.१५ टाकल्यावर पुन्हा २.१६ का टाकावी लागली? त्या रात्री सगळ्यांनीच व्हर्जन बदलली. लॉगमध्ये लिहायला दिलेला मजकूर ती लायब्ररी आदेश समजून बाहेरच्या सर्व्हरकडून कोड कशी आणत होती, आणि पहिली दुरुस्ती कुठे अपुरी पडली, हे आज फळ्यावर मांडता येत असेल तर अ‍ॅपसेकच्या मुलाखतीत तू अर्धी पास आहेस.

एआयची भीतीही याच्याशीच जोडलेली आहे. ठराविक साच्याचा कोड आणि ठराविक साच्याचे अलर्ट ही दोन्ही कामं यंत्राकडे जाताहेत, तेव्हा 'जावातच राहिलं की सुरक्षित' असंही काही उरलेलं नाही. टिकतो तो पाया. आरएसए ही माहिती सांकेतिक करण्याची पद्धत १९७७ची आहे आणि अजून शिकवतात. १९८८मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रामनं मेमरीतली जी चूक वापरली, त्याच जातीच्या चुका आजही सापडतात. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, प्रोग्राम मशिनवर प्रत्यक्ष चालतो कसा, हे ज्याला येतं तो सिक्युरिटीतून क्लाउडला जाईल, तिथून प्लॅटफॉर्म इंजिनीअरिंगला जाईल, परत डेव्हलपमेंटलाही येईल. यासाठीच तुझ्या त्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून बघ. क्रिप्टोग्राफीमागचं गणित, ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षितता, प्रोग्राम अ‍ॅनालिसिस असं काही पहिल्या दोन सेमिस्टरना आहे का? की एथिकल हॅकिंग भाग एक, भाग दोन, सायबर कायदा, आणि प्रत्येक विषयाच्या नावात कुठल्या ना कुठल्या टूलचं नाव? शेवटच्या वर्षाचा प्रबंध कोणाकडे करायचा, त्या प्राध्यापकांनी स्वतः काय लिहिलंय, तेही शोध. टूल पाच वर्षांत बदलतं. त्यासाठी पदवी लागत नाही, ट्रेनिंग पुरतं.

पदवीच हवी, असं मनापासून वाटत असेल तर दोन रस्ते मला पटतात. पहिला, नोकरी न सोडता. बिट्स पिलानीचा विल्प कार्यक्रम नोकरदारांसाठीच आहे, चार सेमिस्टरचा. कंपनीची संमती लागते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, सगळ्या पदवीचा खर्च सात हजार डॉलरच्या आसपास. ते कॉम्प्युटर सायन्सचं आहे, त्यात सिस्टिम्सकडे झुकणारे विषय निवडता येतात, आणि सेमिस्टरला एकेक विषय घेऊन रेंगाळत पूर्ण करता येतं. अभ्यास मात्र कसून करावा लागतो. रात्रपाळीच्या आठवड्यात हे जमेल का, ते तूच ठरव. माझ्या मते आधी रात्रपाळी सोडव, मग प्रवेश घे.

दुसरा रस्ता गेटचा, पण या वेळी अभ्यास करून. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे घाई नाही. आयआयटी-एनआयटीत प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. पुण्याच्या भाड्यापुढे रक्कम किरकोळ आहे, पण हॉस्टेलात राहून भागतं आणि कर्जाची गरज उरत नाही किंवा अगदी थोडी उरते. तिथे शक्यतो सरळ कॉम्प्युटर सायन्स घे आणि प्रबंध सिक्युरिटीत कर. आयआयटी कानपूरला सी-थ्री-आय हब हे सायबर सुरक्षेचं केंद्र आहे, मुंबईलाही या विषयावर काम करणारे प्राध्यापक आहेत. पदवीवर नाव व्यापक, हातातलं काम नेमकं. असा प्रवेश मिळाला तर नोकरी सोड, मी स्वतः पेढे मागेन. सीडॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा सिक्युरिटीचा डिप्लोमाही कोणी सुचवेल. कोर्स चांगला आहे, पण मुख्यतः नुकत्याच पास झालेल्यांसाठी. तू त्या टप्प्याच्या पुढे आली आहेस.

मावसभावाचं अर्धंच बरोबर आहे. त्याला जर्मनीत पदवीमुळे आत जाता आलं, म्हणून सगळ्यांना तसंच जावं लागतं असं त्याला वाटतं. जर्मनीनं नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या अनुभवी लोकांना, पगाराची अट पूर्ण होत असेल तर, पदवी नसतानाही ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीसाठी राहण्याचा परवाना, द्यायला सुरुवात केली आहे. तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुझ्याकडे तर बी.ई. आणि अनुभव दोन्ही आहे. शिकायला जायचं म्हटलं तर वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात. नोकरी घेऊन जाणाऱ्याला ते लागत नाहीत. तिकडे जायचंच असेल तर जर्मन भाषेची ए-वन, ए-टू आत्ताच सुरू कर.

स्थळांचं तू एका ओळीत उरकलंस, पण मी ती ओळ दोनदा वाचली. 'तेही दोन वर्षं लांबेल' हे तक्रारीच्या सुरात लिहिलंयस की सुटकेच्या? लग्न इतक्यात नको असेल तर घरी तसं सांग, आईला आधी सांग. सबब म्हणून एम.टेक. फार महाग पडतं.

राहिलं सीईएच. कंपनी पैसे देत असेल तर करून टाक; काही क्लायंट सर्टिफिकेटांची नावं मागतात, तिथे उपयोगी पडेल. स्वतःच्या खिशातून मात्र नको. स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर वर्षभर लॅब आणि व्हॅप्टचं काम करून मग ओएससीपी या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बस. त्यात जवळजवळ चोवीस तास सलग प्रत्यक्ष मशिनं फोडून दाखवावी लागतात आणि नंतर रिपोर्ट लिहावा लागतो, म्हणून मुलाखत घेणारे ते बघून सरसावून बसतात. विद्यापीठाला नकार ई-मेलनं कळव, फोनवर सांगू नकोस. फोनवर सांगितलंस तर 'मॅडम, फक्त पंचवीस हजार भरून सीट होल्ड करा' असं म्हणणारा कोणीतरी भेटेलच.